पीटर्सबर्गचे खंदक, १/७२: काम कुठवर आलं

अमेरिकेतल्या यादवी युद्धात, उत्तर विरुद्ध दक्षिण, व्हर्जिनियातल्या पीटर्सबर्ग शहराभोवती जे खंदक होते, त्यांचा देखावा मी १/७२ मापात (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढा) करतो आहे. प्लायवर थर्माकोलचे थर बसले, दमदम्याचा (तोफा ठेवायच्या मातीच्या उंचवट्याचा) बांध कोरून झाला, त्यावर पीओपी आणि फेविकॉलचा पहिला हात वाळतो आहे. मूळ बेत 'क्रेटर'चा, म्हणजे तिथल्या सुरुंगाने पाडलेल्या खड्ड्याचा होता, तो का सोडला असं बऱ्याच जणांनी विचारलं. म्हणून आधी तो हिशेब.

३० जुलै १८६४ च्या पहाटे, पावणेपाचच्या सुमारास, उत्तरेच्या फौजेने पीटर्सबर्गसमोर दक्षिणेच्या मोर्चाखाली ८,००० पौंड दारू उडवली. पेनसिल्व्हेनियाच्या ४८ व्या रेजिमेंटमध्ये कोळशाच्या खाणीत काम केलेले बरेच जण होते. लेफ्टनंट कर्नल हेन्री प्लेझंट्सच्या हाताखाली त्यांनीच ५११ फुटांचा सुरुंग खणला. खड्डा पडला तो साधारण १७० फूट लांब, ३० फूट खोल. १/७२ ला लांबी येते ७२ सेंटीमीटर आणि खोली पावणेतेरा. इथवर टेबलावर बसतं. पण दोन्हीकडच्या खंदकांमधलं अंतर चारशे फुटांच्या आसपास, म्हणजे आपल्या मापात पावणेदोन मीटरला थोडं कमी. आखडून हातभर करता येईल, करतात लोक. पण एवढं उघडं मैदान गोळ्या खात ओलांडायला नको म्हणून तर सुरुंग खणला. ते मैदानच हातभर केलं तर सुरुंगाला कारण काय उरलं?

तेव्हा मोर्चा वळवला 'डिमॉक लाइन'कडे. शहराभोवतीची ही मूळ तटबंदी, १८६२ मध्ये कॅप्टन चार्ल्स डिमॉकच्या देखरेखीखाली सुरू झालेली. लांबी सुमारे दहा मैल, तोफांचे दमदमे ५५. मी त्यातला नववा दमदमा घेतला आहे, तोही पुढच्या कोपऱ्यापुरता.

आता गंमत अशी की १/७२ च्या प्लास्टिक शिपायांच्या पेट्या उघडल्या की नेम धरणारे निघतात, झेंडेवाले निघतात, ताशेवाला आणि तलवार उपसलेला अधिकारी तर हमखास निघतो. पण हे दहा मैल खणलं कोणी? मोठ्या प्रमाणात गुलामांनी, आणि त्यांच्याबरोबर वेठीला धरलेल्या स्वतंत्र काळ्या मजुरांनी. गुलामाच्या कामाचे पैसे त्याच्या मालकाला जायचे. ज्यांना गुलामीत ठेवण्यासाठी अकरा राज्यं फुटून निघाली, त्यांच्याच हातचा हा बांध. फावडंवाला एकही माणूस माझ्या पेट्यांत नव्हता. बोर्डवर तो नसेल तर हे मातीकाम आपोआप उगवल्यासारखं दिसतं, आणि ते मला चालणार नाही.

म्हणून बरीचशी मेहनत रूपांतरात गेली. नेम धरून उभा असलेला शिपाई खणणाऱ्यासाठी सगळ्यात सोयीचा: पाय फाकलेले, वजन पुढे. बंदूक कापायची, काडतुसांची पेटी तासून काढायची, कोपर गरम पाण्यात मऊ करून वाकवायचं, टोपीच्या जागी एम-सीलची चपटी हॅट. फावड्याचं पातं शीतपेयाच्या कॅनच्या पत्र्याचं, दांडा टाचणीचा. एम-सील बोटाला पाणी लावूनच दाबा, नाहीतर सगळा हात बरोबर येतो. कपडे मळकट पांढरे, राखी, तपकिरी. दोन माणसांना एकच छटा द्यायची नाही, म्हणजे गणवेश वाटत नाही.

गेबियन म्हणजे बुडाशिवायची कणगीच. वेताची विणायची, उभी करायची, आत माती ठोकायची. मी खराट्याच्या काड्यांचे तुकडे थर्माकोलमध्ये गोलाकार रोवतो, त्याभोवती सुतळीचा सुटा केलेला पदर आत-बाहेर गुंफतो आणि पातळ फेविकॉल पाजतो. वाळल्यावर उपटून घ्यायचं. उंची १४ मिलिमीटर ठेवली आहे. जास्त झाली की शिपाई बुटके दिसतात. आत भरायला धुऊन वाळवलेला चहाचा चोथा उत्तम.

बोर्डचा मधला भाग सुटा ठेवला आहे. एका पाटावर १८६२ ची खोदाई, दुसऱ्यावर १५ जून १८६४ ची संध्याकाळ. त्या दिवशी उत्तरेच्या जनरल बाल्डी स्मिथच्या कोअरमधल्या हिंक्सच्या डिव्हिजनने, म्हणजे काळ्या सैनिकांनी, हे दमदमे धावून जाऊन घेतले. त्यांतले कितीतरी स्वतः गुलामीतून सुटून आलेले. तोवर त्यांना महिना दहा डॉलर मिळत, त्यातून कपड्यांचे तीन कापून. गोऱ्या शिपायाला तेरा. समान पगाराचा कायदा झाला तो नेमका ह्याच १५ जूनला. हा योगायोग मला हल्ल्याइतकाच आवडतो.

रंगवताना: कोट गडद निळा, पँट आकाशी. त्वचेला काळा रंग अजिबात लावू नका, चेहरा मरतो. बर्न्ट अंबरवर थोडा गेरू, वर गालाला आणि नाकाला गेरूत पिवळा घालून पुसट हात.

स्मिथ त्या रात्री पुढे सरकला नाही. समोर दक्षिणेच्या जनरल बोरेगार्डकडे मोजकी माणसं होती, नंतर दक्षिणेच्याच जनरल लीची फौज येऊन पोचली, आणि जे एका रात्रीत उरकलं असतं त्याला साडेनऊ महिने लागले. नुसते हल्ले करून नव्हे, उत्तरेच्या सरसेनापती ग्रँटने एकेक रेल्वेमार्ग तोडत नेला आणि लीची ओळ तीस मैलांवर ताणली गेली. १ एप्रिल १८६५ ला फाइव्ह फोर्क्सचा नाका पडला, दुसऱ्या दिवशी ओळ फुटली, तीनला दक्षिणेची राजधानी रिचमंड, नऊला अ‍ॅपोमॅटॉक्सला लीची शरणागती. तिथेही काळ्या पलटणी हजर होत्या. गुलामगिरी देशभर बंद करणारी तेरावी दुरुस्ती डिसेंबरमध्ये मंजूर झाली. यातलं काहीच माझ्या बोर्डवर मावत नाही, रेल्वे तर नाहीच.

तोफांच्या धुराला कापूस वापरणार, अगदी विरळ पिंजून. दक्षिणेचा सगळा माज ह्याच कापसावर. नाकेबंदीने तो अडला तेव्हा इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांनी मुंबईचा कापूस उचलला, मुंबईत शेअरचा ज्वर चढला, आणि १८६५ मध्ये युद्ध संपल्याची बातमी पोचल्यावर बॅक बे रिक्लेमेशनच्या शेअरसकट सगळं बसलं. हे आपलं जाता जाता.

अडलंय ते तोफांपाशी. '१२ पौंडी नेपोलियन' ह्या तोफेची चाकं हवीत, १/७२ ची, चौदा आऱ्यांची. कुणाकडे सुटी पडली असतील तर कळवा. बदल्यात घोडदळाची अख्खी पेटी देतो, ह्या बोर्डवर घोड्यांना काम नाही.