बकरथाचची तयारी: आधी परतीची वेळ, मग उतार

ठिकाण पक्कं झालं. मनालीजवळ सोलंग खोऱ्यात धुंडीच्या वर, बकरथाचला तंबू ठोकायचा आणि तिथून वरच्या उतारांवर स्की टूरिंग करायचं, म्हणजे स्की पायात घालूनच चढायचं आणि उतरायचं. गुढीपाडवा झाल्यावर, एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात. गुलमर्गचाही विचार झाला होता. तिथला गंडोला, म्हणजे रोपवे, अफरवटच्या खांद्यापर्यंत, जवळजवळ ३,९५० मीटरवर नेऊन सोडतो आणि चढ वाचतो. पण आम्हा तिघांना चढायचंच आहे. शिवाय मनालीकडचा बर्फ कोर्सच्या वेळी पायाखालून गेलेला आहे, गाईड ओळखीचा आहे, आणि मडगावहून थेट चंदीगडला गोवा संपर्क क्रांती जाते. स्कीची लांबलचक पिशवी घेऊन विमानं बदलत बसण्यापेक्षा मला ती गाडी बरी वाटते.

आराखड्याच्या कागदावर सगळ्यात वर परत तंबूपाशी पोचण्याची वेळ लिहिली आहे: सकाळी अकरा. उतार कुठला, उंची किती, हे सगळं त्या अकराच्या खाली येतं. वसंतातला बर्फ दिवसा वितळतो आणि रात्री पुन्हा गोठतो. असं बरेच दिवस चाललं की त्याचे जाड, गोल दाणे होतात. हाच कॉर्न स्नो. पहाटे तो काचेसारखा कडक असतो, धारदार कडा लावल्या तरी स्की घसरते. उन्हं लागली की वरचे दोन-चार सेंटीमीटर मऊ होतात, खालचा थर घट्टच राहतो. तेवढ्या वेळात उतरण्यासारखं सुख नाही. पुढे पाणी आत झिरपत जातं, दाण्यांमधली पकड सुटते आणि अख्खा ओला थर खाली येऊ शकतो. म्हणून बूट घोट्यापर्यंत रुतायला लागला की तो उतार सोडायचा, हा आमचा नियम. मग घड्याळात काहीही वाजलेले असोत.

पूर्वेच्या उताराला ऊन आधी लागतं, मग दक्षिणेच्या, दुपारी पश्चिमेच्या. आम्ही पूर्व आणि आग्नेयेकडे तोंड असलेलेच उतार निवडले आहेत, म्हणजे नऊच्या सुमाराला ते तयार होतील आणि आम्ही लवकर मोकळे होऊ. एप्रिलच्या मध्यावर तिथे सहाच्या आसपास उजाडतं आणि दुपारी सूर्य जवळजवळ ६७ अंशांवर असतो. तापायला वेळ लागत नाही.

पण हे सगळं रात्र गोठली तरच. रात्री आकाश मोकळं असेल तर बर्फाच्या पृष्ठभागातली उष्णता वर निघून जाते, आणि हवेचं तापमान शून्याच्या थोडं वर असलं तरी बर्फ गोठतो. ढग असले तर तीच उष्णता अडते, आणि सकाळी पाय टाकावा तिथे चिखल. आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात हे वेगळं सांगावं लागत नाही. डिसेंबरात आभाळ निरभ्र राहिलं की पहाटे कुळागरात, पोफळीच्या बागेत, दात वाजतात आणि ढग आले की त्याच घरात पांघरूण नकोसं होतं. तेव्हा पहाटे तीनला उठून पहिलं काम आकाश बघण्याचं. चांदण्या नसतील आणि बर्फावर काठी रुतत असेल तर परत झोपायचं. यावर तिघांचं आधीच एकमत करून घेतलं आहे, कारण तीन वाजता अंधारात आणि थंडीत वाद घालायची माझी तयारी नाही.

वेळेचं गणित वेर्नर मुंटर या स्विस गाईडच्या पद्धतीने केलं. सपाट अंतराचे किलोमीटर एकेक घटक, चढाचे दर १०० मीटर एकेक घटक, आणि बेरजेला ताशी वेगाने भागायचं. तंबू सुमारे ३,३०० मीटरवर, वरचं टोक ४,१०० वर धरलं: ८०० मीटर चढ म्हणजे ८, अंतर ४ किलोमीटर म्हणजे ४, एकूण १२. साधारणपणे चढताना ताशी ४ घटक धरतात, म्हणजे तीन तास. पण तेवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ-एकसष्ट टक्क्यांवर येतो आणि आम्ही समुद्रसपाटीचीच माणसं. म्हणून ३ धरला: चार तास. विसाव्याचा अर्धा तास मिळवला तर साडेचारला निघून नऊला वर. नऊला जिथे असू तिथून वळायचं, टोक पन्नास मीटरवर दिसत असलं तरी.

याच हिशेबाने उंचीची सवयही बसवली आहे. मनालीत दोन रात्री, धुंडीला सुमारे २,८५० मीटरवर एक, मग बकरथाच. तिथे पोचल्यावर दुसऱ्या दिवशी फक्त थोडं वर जाऊन परत यायचं. ३,००० मीटरच्या पुढे झोपण्याची उंची रात्रीला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, हा नियम सगळीकडे मानतात, आम्हीही मानणार.

उतारांचे कोन काढायला सगळ्यात जास्त वेळ गेला आणि सगळ्यात जास्त मजाही त्यातच आली. बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात. १:५०,००० च्या नकाशावर समोच्च रेषा दर ४० मीटर उंचीला असतील तर ३० अंशांच्या उतारावर दोन रेषांमध्ये साधारण १.४ मिलिमीटर अंतर येतं, ४५ अंशांवर ०.८. एक पारदर्शक पट्टी घेऊन त्यावर सुईने खुणा करून घेतल्या, ती नकाशावर सरकवत गेलं की धोक्याच्या जागा हाताला लागतात. संगणकावरचे रंगीत नकाशे हेच झटक्यात करतात, पण त्यांच्यामागची उंचीची माहिती बहुतेक वेळा ३० मीटरच्या चौकोनांची असते. दहा मीटरचा छोटा कडा त्यात विरघळून जातो. दोन्ही ताडून बघावं. आणि स्वतःचा उतार ३० च्या खाली असला तरी डोक्यावरचा किती आहे ते बघावंच.

बर्फाची रेषा कुठवर सरकली ते सेंटिनेल-२ या उपग्रहांच्या चित्रांवरून पाहते. दर पाच दिवसांनी नवीन चित्र, फुकट, एक ठिपका दहा मीटरचा. डिचोलीत पंखा लावून बसून धुंडीचा बर्फ मोजायचा हा माझा सध्याचा रविवारचा उद्योग.

बीकनचा, म्हणजे हिमस्खलनात पुरलेल्या माणसाला शोधायच्या रेडिओ यंत्राचा, सराव मिरामारला चालू आहे, भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत. मोरजी, मांद्रेकडे या दिवसांत कासवांची घरटी असतात, तिथे फावडं चालवायचा प्रश्नच येत नाही. बीकन डब्यात घालून पुरायचा, बाकी दोघांनी शोधायचा. बीकन ४५७ किलोहर्ट्झवर चालतो. शोधताना मोबाईल ५० सेंटीमीटर तरी लांब हवा, नाहीतर त्यावरचे अंतराचे आकडे नाचतात. जवळ आल्यावर बीकन जमिनीलगत धरून उभा-आडवा फिरवायचा, सर्वांत लहान आकडा सापडला की तिथून २५-२५ सेंटीमीटरवर गोल फिरत प्रोब, म्हणजे टोचून बघायची लांब काठी, घालायचा. पुरलेल्या माणसाच्या जगण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घसरते, त्यामुळे खरा वेळ खणण्यात जातो हे ध्यानात ठेवून खणण्याचा सराव जास्त करतोय. वाळू बर्फापेक्षा जड, हात भरून येतात, ते चांगलंच.

पायांसाठी पारोड्याचा चंद्रनाथाचा डोंगर. पाठीवर पाण्याचे कॅन घेऊन पायऱ्या चढायच्या आणि वर पाणी ओतून टाकायचं, म्हणजे उतरताना गुडघे वाचतात.

गोव्यात सामान सांभाळणं हा वेगळा विषय. खारी हवा स्कीच्या पोलादी कडा बघता बघता खाते. कडांवर मेणाचा जाड थर चढवून ठेवला आहे, तो निघाल्यावरच खरवडायचा. चढताना स्कीच्या तळाला चिकटवायच्या पट्ट्या, म्हणजे स्किन्स, त्यांचा डिंक उकाड्यात पाघळतो, म्हणून त्या जाळी लावून, हवाबंद पिशवीत, घरातल्या सगळ्यात थंड खोलीत. बीकनमधल्या बॅटऱ्या सराव झाला की बाहेर. आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र कुणी सुचवलं तर थांबा: आपल्याकडे दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय ते जवळ बाळगणं गुन्हा ठरू शकतो. आम्ही त्याऐवजी धुंडीत एक माणूस ठेवतोय. दुपारी एकपर्यंत आमची खबर आली नाही तर पुढे कुणाला कळवायचं ते त्याच्याकडे लिहून दिलेलं असेल.

राहिलेलं: गाईडकडून खालच्या ओढ्यावरचा बर्फाचा पूल अजून धरून आहे का ते कळायचं आहे, स्की क्रॅम्पॉनचा, म्हणजे कडक बर्फावर पकडीसाठी स्कीला लावायच्या दातांचा, एक जोड कमी आहे, आणि शिगमो आटोपला की निघायच्या आदल्या आठवड्यापासून डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेची हिमस्खलनाची सूचना रोज वहीत उतरवायची आहे.