भुसावळच्या फ्रेमच्या दुकानात आलेलं जमैकाचं फुलपाखरू

आमचं फ्रेमिंगचं दुकान आहे भुसावळला. देवांचे फोटो, लग्नाचे फोटो, सत्काराची सन्मानपत्रं, आणि सगळ्यात घाईचं काम म्हणजे गेलेल्या माणसाचा फोटो, तो दहाव्याच्या आत पाहिजेच असतो. मे महिन्यात दुपारी बारानंतर बाजारात चिटपाखरू नसतं, पारा 45 च्या वर, मी पण शटर अर्धं ओढून पडलेलो असतो. अशा टायमाला एक आजी रिक्षातून उतरल्या, सोबत कॉलेजचा नातू, आणि त्याच्या हातात जुन्या चादरीत गुंडाळलेली फ्रेम.

मला वाटलं आजोबांचा फोटो असेल. चादर सोडली तर काच तडकलेली आणि आत फुलपाखरू. पट्टी लावली तर या टोकापासून त्या टोकापर्यंत साडेचौदा सेंटीमीटर भरलं. काळपट तपकिरी रंग, मधून रुंद पिवळा पट्टा, मागच्या पंखांवर निळे अन विटकरी ठिपके आणि खाली चमच्यासारख्या रुंद शेपट्या. मागच्या पुठ्ठ्यावर शाईने लिहिलेलं, बाथ, जमैका, 1967. आजींचे मोठे भाऊ डॉक्टर होते, तिकडे सरकारी दवाखान्यात नोकरीला होते, सुट्टीवर आले तेव्हा बहिणीला हे घेऊन आले. "दादा गेले, आता एवढंच राहिलंय त्यांचं, काच तेवढी बदलून द्या," आजी म्हणाल्या.

काम दिसायला सोपं होतं पण मी मागचे खिळे उपटून काच हळूच उचलली तर डाव्या पंखाचा छापच काचेवर आला. फुलपाखराच्या पंखावर जे बारीक खवले असतात ना, ते इतकी वर्षं काचेला टेकून टेकून तिलाच चिकटलेले. उजेडात धरलं तर काचेवर पिवळा पट्टा चक्क दिसून राहिला होता. आणि पोटाखाली बारीक भुगा साचलेला, म्हणजे आत किडे लागलेले. वाळवी लागलेली फ्रेम आपण रोज बघतो, पण इथे फ्रेम धड आणि आतला माल पोखरलेला. मी हात मागेच घेतला अन शेजारच्या टपरीवरून सरांना बोलावलं. सर रिटायर झालेत, कॉलेजात झूलॉजी शिकवायचे, दुपारचा चहा रोज तिथेच असतो त्यांचा, 45 डिग्रीत पण.

तोवर नातवाने मोबाईलवर फोटो काढून नाव शोधून पण ठेवलं, होमेरस स्वॅलोटेल. आणि पुढचा सर्च अर्थातच किमतीचा. "भो, हे विकलं तर बाईकचं डाउन पेमेंट निघेल," मला हळूच म्हणाला. खरं सांगू का, मला त्याचं काही फार चुकीचं वाटलं नाही, घरात पडलेल्या वस्तूची किंमत कोण काढत नाही.

सर आले, चष्मा वर करून बघत राहिले, अन मग सुरू झाले ते थांबेचनात. हे जगात फक्त जमैका बेटावर आहे, दुसरीकडे कुठेच नाही. स्वॅलोटेल म्हणजे शेपटीवाल्या फुलपाखरांचं कुळ, त्यातलं उत्तर-दक्षिण दोन्ही अमेरिकांकडचं सगळ्यात मोठं. फाब्रिसियस नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाने 1793 ला नाव दिलं, ग्रीक कवी होमरवरून. आधी बेटाच्या मधल्या भागातही होतं, आता दोनच ठिकाणी उरलंय, पूर्वेला ब्लू माउंटन आणि जॉन क्रो डोंगर जिथे भिडतात तिथे अन पश्चिमेला कॉकपिट कंट्री म्हणून चुनखडीच्या टेकड्या आहेत तिथे. नातू म्हणे, पकडून पकडून संपलं असेल. सर म्हणे, पकडणारे होतेच, पण खरा घात जंगल तुटल्याने झाला, कॉफीचे मळे, शेती, लाकूडतोड. ती ब्लू माउंटन कॉफी जगात महागात विकली जाते ना, तेच डोंगर.

मग त्यांनी मला माझ्याच अंगणातल्या लिंबावर आणलं. लिंबाच्या पानावर ती अळी असते बघ, लहान असताना पाखराच्या विष्ठेसारखी दिसते आणि मोठी झाली की हिरवीगार, बायको काडीने काढून फेकते ती. होमेरसची अळी पण तशीच, आधी विष्ठा मग हिरवी. पण आपल्याकडच्या अळीला लिंबू नसलं तर कढीपत्ता चालतो, बेल चालतो. याला हर्नांडिया नावाचंच झाड लागतं, ते पण दमट जंगलातलं. त्यात अंड्यांवर बारीक गांधीलमाश्या टपलेल्या, त्या त्यांच्यातच आपली अंडी घालतात, म्हणजे झाड टिकलं तरी सगळी अंडी फुटतीलच असं नाही. पूर्वेकडच्या त्या डोंगरांना 2015 ला युनेस्कोने जागतिक वारसा केलं, त्याच साली आपण ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखरू केलं, हे मला माहीत होतं कारण त्याचं पोस्टर एका शाळेसाठी मीच फ्रेम केलेलं.

"आणि विकायचं डोक्यातून काढ," सर नातवाला म्हणाले. साइट्स म्हणून दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार आहे, त्याच्या पहिल्या परिशिष्टात हे आहे, म्हणजे देशाबाहेर धंद्यासाठी पाठवणं बंद. देशात पण आधी वनखात्यात जाऊन विचार, मग बोल. डॉक्टरांनी आणलं तेव्हा तो करारच नव्हता, तो झाला 1973 ला, त्यामुळे त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. आजी एवढा वेळ गप्प होत्या, आता म्हणाल्या, "मी विकायचं म्हटलंच कुठे? हाच बोलून राहिला." नातू मोबाईल खिशात घालून रस्त्याकडे बघत बसला.

किडे मारायला सरांनी उपाय सांगितला, पिशवीत हवाबंद करून काही दिवस डीप फ्रीजरमध्ये. आजी म्हणे त्यात आंब्याचा रस भरून ठेवलाय, पाहुणे यायचेत! शेवटी रसाचे दोन डबे शेजारी गेले.

परत आणल्यावर मी माउंट बोर्डाच्या पट्ट्या कापून चारी बाजूंनी उंची दिली, आता काच पंखांना टेकत नाही. मागून ब्राउन टेपने सगळं बंद केलं. जुना पुठ्ठा ठेवला, त्याच्यावर शाईचं अक्षर आहे ना. आणि उन्हासमोरच्या भिंतीवर टांगू नका म्हणून सांगितलं, रंग उडतो. छापाची ती तडकलेली काच सर मागत होते, आजींनी दिली नाही, तीही कागदात बांधून घेतली. बिल झालं साडेचारशे, आजींनी घासाघीस करून चारशेवर आणलं आणि पैसे नातवाच्या गुगल पेवरून आले.