आमची वाटचाल : चुणी, मळी आणि डुकराचं पोट

मालदांडी 35-1 ही ज्वारी आमच्या मोहोळची. तिच्या जोरावर घरात भाकरी आणि गोठ्यात कडबा कधी कमी पडला नाही, पण हातात पैसा राहत नव्हता. नऊ वर्षांपूर्वी मी आणि धाकट्या भावाने लार्ज व्हाइट यॉर्कशायरच्या दहा माद्या आणि एक नर आणून वराहपालन सुरू केलं. घरातले वडीलधारे अण्णा महिनाभर शेडकडे फिरकले नाहीत.

वर्षअखेर वही मांडली, तर शंभरातले सत्तर रुपये खाद्यात गेलेले. तयार खाद्य परवडेना. म्हशीला चालतं ते डुकराला का चालू नये, असं म्हणून आम्ही सरकी पेंड सुरू केली. दीड-दोन महिन्यांत वाढीची जनावरं धापा टाकू लागली. पाच गेली. डॉक्टरांनी पेंड हातात घेतली आणि विचारलं, "किती दिवस चारताय हे?" सरकीत गॉसिपॉल असतं. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात ते बरंचसं निकामी होतं. डुकराचं पोट साधं, त्यामुळे विष अंगात साठत जातं आणि शेवटी हृदयावर येतं. ती पाच आमच्या अंदाजापायी गेली, याचं आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून प्रत्येक पोतं पारखून घेतो. बार्शीच्या डाळ मिलमधून तूर-हरभऱ्याची चुणी, म्हणजे डाळ करताना उरलेला चुरा आणि टरफल, आणतो. मूठभर चुणी पाण्यात टाकायची : टरफल वर तरंगतं, डाळीचा चुरा तळाशी बसतो. टरफल जास्त निघालं तर ते पोतं म्हशींना, कारण डुकराला इतका चोथा पचत नाही. फुटक्या ज्वारीचा भरडा, गव्हाचा कोंडा, खनिज मिश्रण आणि मीठ घालतो. सोयाबीन भाजूनच वापरतो; कच्च्या दाण्यातला घटक प्रथिनं पचू देत नाही. कारखान्याची मळी शंभर किलोला पाचच किलो. तिने भुकटी उडत नाही, जनावर चवीने खातं, पण हात सैल सुटला की पिल्लांना हगवण लागते. लहान पिल्लांच्या खाद्यात 18 टक्के प्रथिनं धरतो, मोठ्यांच्या 14 च्या आसपास.

सोलापुरात शेंगा चटणीवाले पुष्कळ. त्यांच्याकडचे निवडून टाकलेले काळपट दाणे जवळजवळ फुकट मिळत होते. मोह झाला होता. पण अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष असतं ते नेमकं अशाच दाण्यांत, आणि भाजून ते पुरतं जात नाही. तो माल आम्ही कधीच उचलला नाही.

उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की खाद्य पहाटे पाचला आणि दिवस मावळल्यावर देतो. डुकराला घाम जवळजवळ येत नाही. दुपारी ते तोंडच लावत नाही.

गेल्या वर्षी स्वतःची भरड गिरणी बसवली. आता तालुक्यातल्या सात जणांना आमचं मिश्रण जातं. चुणीचं पोतं उघडून वाटीत पाणी घेऊन बसतात ते अण्णा. कुणी नुसतीच स्वस्त पेंड मागितली, तर आधी विचारतात, "जनावर कोणतं?"