जिप्सी लॉग: उजवीकडचे ११ मिमी

११ मिमीचा हिशेब अजून लागत नाहीये आणि डोकं भणभणलंय. माझ्या मारुती जिप्सीचा डावीकडचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर) बरोब्बर २३७५ मिमी, म्हणजे कंपनीचाच आकडा, आणि उजवीकडे २३६४. मागच्या पोस्टमधल्या फोटोंवर निम्म्या जणांनी 'चासी (गाडीचा खालचा सांगाडा) गेली, भंगारात घाल' असा निकाल देऊन टाकला होता. दोन-तीन मिमी असते तर मीही सोडून दिले असते, पण ११ कसे सोडणार? त्यात आधीच्या मालकाने खालून ताजं अंडरकोटिंग (गंज रोखणारा काळा थर) थापून ठेवलंय, इतकं जाड की बोल्टची डोकी गोल दिसतात. एवढ्या जुन्या गाडीचं पोट नवं कोरं काळं दिसलं की समजायचं काहीतरी झाकलंय.

तर चासी मोजून काढली. गाडी चाकांवरच, सपाट फरशीवर. दोन्ही रेल्सवर (चासीच्या लांब तुळयांवर) कंपनीची जोडीजोडीने भोकं आहेत त्यातून ओळंबा सोडायचा, टोकाखाली पेन्सिलने फुली मारायची, सगळ्या फुल्या झाल्या की गाडी ढकलून बाहेर काढायची आणि मोकळ्या फरशीवर निवांत कर्ण मोजायचे. हौसेने घेतलेली लेझर लेव्हल परत डब्यात गेली, दिवसाउजेडी तिची रेघच दिसत नाही, गवंड्याचा पितळी ओळंबाच भारी. टेप मात्र स्टीलचीच वापरा, कापडी टेप ओढाल तेवढी ताणते.

कर्णातला फरक पुढच्या चौकोनात २ मिमी, मधल्यात १, मागे ३. म्हणजे एक रेल मागे-पुढे सरकलेली नाही. मग पाण्याची लेव्हल नळी लावून पीळ बघितला, या टोकापासून त्या टोकापर्यंत ४ मिमी, त्यातले थोडे फरशीचेच असणार. अहो मग ११ गेले कुठे? पोराला टेपचं दुसरं टोक धरायला बसवलं, तरी तेच. शेवटी बॉडीच उतरवायची ठरवली आणि ती चासीला धरणाऱ्या माउंटचे बोल्ट डब्ल्यूडी-फोर्टीत भिजत घातलेत.

थांबा. वरचं टाईप करतानाच सुचलं, कर्ण सगळे चासीवरून चासीपर्यंत घेतलेत पण व्हीलबेस ॲक्सलवर घेतलाय आणि मधे पाटे (लीफ स्प्रिंग) आहेत! जाऊन बघतो.

आलो. मागच्या पाट्याच्या पुढच्या आयबोल्टपासून (पाट्याचं टोक चासीला जोडणारा बोल्ट) ॲक्सल ट्यूबपर्यंत मोजलं, उजवीकडे १० मिमी कमी!! लगेच जॅक लावून ॲक्सल पाट्याला आवळणारे उजवे यू बोल्ट खोलले (दोन नट तर हातानेच फिरले, मेहरबानी कोणाची माहीत नाही), तर सेंटर बोल्टचं डोकं वेगळं आणि बोल्ट वेगळा. तुटलेल्या जागी अर्धा भाग गंजून तपकिरी आणि अर्धा चकचकीत, म्हणजे जुनी चीर, नंतर कधीतरी पूर्ण गेली. सेंटर बोल्टचं काम ॲक्सलची जागा धरायचं, दाबून ठेवायचं काम यू बोल्टचं. ते ढिले राहिले की सगळा मार त्या एवढ्याशा बोल्टवर. टू-व्हील मोडमध्ये मागचं ॲक्सलच गाडी ढकलतं, त्यामुळे ते पुढे सरकलं. मागून बघणाऱ्याला गाडी तिरकी पळताना दिसायची ती यामुळेच. चहा दोनदा झाला या आनंदात.

आता बॉडी उतरवणं रद्द. पाटे दोन्ही बाजूंचे खोलणार, सेंटर बोल्ट आणि यू बोल्ट नवेच, जुने यू बोल्ट परत आवळायच्या भानगडीत मी पडत नाही. नाना पेठेत रेडीमेड मिळतात, पण मला हायवेवरच्या पाटेवाल्याकडून मापाने वाकवून घेतलेलेच बरे वाटतात, आटे पूर्ण बसतात.

पण अंडरकोटिंगचं कोडं बाकी आहेच. हीटगन आणि पत्र्याच्या खरवडणीने उजवी रेल पुढून साफ करायला घेतली, तर स्टीअरिंग बॉक्सच्या जरा मागे हातभर पट्टी वेल्ड केलेली निघाली. कंपनीचं वेल्ड एकसारखं असतं, हे कुठे फुगलंय कुठे खड्डा, शेजारी ठिणग्यांचे मणी चिकटलेत. माप बरोबर येतंय म्हणजे वाक नसावा, बहुतेक चीर गेली असेल आणि वरून पट्टी मारली, पण पट्टीच्या कडेने चीर पुढे सरकतेय का ते नुसत्या डोळ्यांनी नाही कळत. तिथे डाय पेनिट्रंट (बारीक चीर दाखवणारा रंग) मारून बघायचंय. क्लीनर, लाल डाय, पांढरा डेव्हलपर, तीन कॅनचा सेट एवढ्याशा वेल्डसाठी घ्यायचा जिवावर येतंय, पुण्यात कोणाकडे अर्धे उरलेत का? आणि पट्टी कापायची की तशीच ठेवायची, यावर भांडायला या.