बासवाल्याच्या हातात चार पौंडी लाइन

बुल शोल्स धरणाच्या वर आणि खाली नदी एकच, व्हाइट रिव्हर. वर तलावात बास जातीचे मासे, खाली थंड पाण्यातले ट्राउट. धरण 1951 मध्ये पुरं झालं. त्याआधी अमेरिकेतल्या अर्कान्सॉ राज्याच्या या पट्ट्यात स्मॉलमाउथ बाससाठी लोक लांबून यायचे आणि होडीतून प्रवाहाबरोबर खाली जात मासे धरायचे. धरणातून तळाचं गार पाणी सुटायला लागलं आणि बासचं बस्तान उठलं. बासला वीस-पंचवीस अंशांचं पाणी मानवतं, ट्राउटला दहा ते सोळा. मग ट्राउटची पिल्लं आणून सोडली गेली. नॉरफोर्कची सरकारी हॅचरी, म्हणजे माशांची पिल्लं वाढवायचं केंद्र, 1957 पासून हेच काम करते.

मी वरच्या टेबल रॉक तलावातला बासवाला. कॉटर गावाखालच्या शोलवर, म्हणजे खडीच्या उथळ धारेत, उतरायचं तर तलावातली निम्मी सवय काठावरच ठेवावी लागते. मासेमारीच्या परवान्याबरोबर ट्राउटचा वेगळा परवाना लागतो, तोही आधीच काढलेला बरा.

सामान असं: साडेसहा फुटी अल्ट्रालाइट, म्हणजे अगदी हलका, स्पिनिंग रॉड, 1000 नंबरचं छोटं रीळ, 4 पौंडी (तेवढ्या ताणाला तुटणारी) मोनो लाइन, म्हणजे नायलॉनची एकेरी दोरी. बासचा मीडियम-हेवी रॉड आणि 15 पौंडी लाइन इथे कामाची नाही. साडेतीन ग्रॅमचा स्पिनर, म्हणजे फिरत्या पात्याचं धातूचं आमिष, जाड लाइनवर लांब जातच नाही, आणि इतक्या नितळ पाण्यात ती लाइन माशाला दिसते. स्पिनरच्या वर हातभर अंतरावर एक बारीक बॉल-बेअरिंग स्विव्हल, म्हणजे फिरता जोड, हवाच. तो नसला तर पातं फिरताना लाइनला पीळ भरतो आणि थोड्याच वेळात रिळावरून गुंताच बाहेर येतो. स्पिनरचा तीनकाटी गळ काढून उलटा काटा नसलेला एकेरी गळ लावला, कारण बरेच मासे परत सोडायचे होते.

ड्रॅग, म्हणजे किती ताणाला रिळातून लाइन सुटावी हे ठरवणारा ब्रेक, बोटाने ओढून अंदाजाने लावायची बासवाल्यांची रीत इथे महागात पडते. चार पौंड म्हणजे साधारण 1.8 किलो, ड्रॅग त्याच्या चौथाईवर, साडेचारशे ग्रॅमच्या आसपास. लाइनचं टोक छोट्या स्प्रिंगकाट्याला बांधायचं, मासा लागल्यावर वाकतो तितका रॉड वाकवायचा आणि मग आकडा बघायचा. सरळ रॉडवर बघितलेला आकडा फसवतो, कारण वाकलेल्या रॉडच्या कड्यांमध्ये लाइन घासते आणि ताण वाढतो. शिवाय थांबलेलं रीळ सुटताना पहिला हिसका चालू ड्रॅगपेक्षा जास्त बसतो, गाठीतही थोडी ताकद जाते. निम्म्यावर ड्रॅग ठेवणाऱ्याची लाइन पहिल्याच धावेत तुटते ती यामुळे.

धरणातून सकाळी पाणी कमी होतं. बासवाल्याची नजर आधी पडलेल्या झाडाकडे जाते. त्या झाडामागे पाणी मेलेलं होतं आणि मासा नव्हता. ट्राउट उभा होता तो झाडाच्या टोकाशी, जिथे वेगवान धार आणि संथ पाणी एकमेकांना घासून फेसाची रेघ धरतात. संथ बाजूला उभं राहायचं आणि वेगवान बाजूने खाणं येईल ते उचलायचं, एवढाच त्याचा हिशेब. मोठ्या गोट्याच्या मागे जशी जागा असते तशी पुढेही असते, तिथे पाणी आपटून मंदावतं. ती जागा तलावातला माणूस हमखास सोडून देतो.

स्पिनर वरच्या अंगाला तिरका टाकायचा आणि प्रवाहापेक्षा जेमतेम जास्त वेगाने गुंडाळायचा. रॉडच्या टोकाला थरथर जाणवली पाहिजे. थरथर थांबली तर एकतर गळाला शेवाळ लागलंय, नाहीतर वेग कमी पडतोय, नाहीतर स्पिनरची तार वाकलीये. खालच्या अंगाला टाकून ओढला तर धार त्याला उचलून पृष्ठभागावर आणते आणि खोल उभे असलेले मासे तसेच राहतात.

ऊन वर आल्यावर स्पिनरमागे मासे नुसते येऊन परतायला लागले. मग ऑलिव्ह रंगाची मॅराबू जिग, म्हणजे शिशाच्या डोक्याचा, मऊ पिसांचा गळ, लावली. गोट्यांखालचा स्कल्पिन नावाचा छोटा मासा इथल्या ब्राउन ट्राउटचं आवडतं खाणं, आणि जिग त्याचीच नक्कल. वजन ठरवायची सोपी खूण: उचल-सोड करताना तीन-चार वेळांत एकदा तळ लागावा. दर वेळी अडकली तर हलकी घ्या, लागतच नसेल तर जड. तेव्हाच्या पाण्यात 1.8 ग्रॅमची बरोबर बसली. घास बहुतेक वेळा जिग पडताना येतो आणि हाताला कळतच नाही. पाण्यात शिरणारी लाइन जराशी थबकते किंवा बोटभर बाजूला सरकते, ते डोळ्यांनी टिपायचं.

बरोबरचा मित्रही बासवालाच. लाइन थबकली की तो दोन्ही हातांनी सणसणीत झटका मारायचा आणि जिग डोक्यावरून मागे यायची. “अरे, ओढू नकोस, नुसतं मनगट उचल,” हे सांगून माझा घसा बसायची वेळ आली. बाससाठी आमिष म्हणून लावलेल्या प्लास्टिकच्या किड्यात लपवलेला गळ बाहेर काढून बासच्या कडक जबड्यात रुतवायला झटका लागतो. इथे गळ उघडा, बारीक तारेचा, आणि ट्राउटचं तोंड मऊ. झटक्याने तोंड फाटतं किंवा लाइन जाते.

लागलेला मासा धारेत शिरून खाली पळतो. त्याला वरून ओढत बसलं तर त्याच्या वजनात प्रवाहाचं वजन मिळतं. म्हणून रॉड काठाकडे आडवा धरून आपणच खाली चालत त्याच्या बरोबरीला यायचं. उडी मारली की रॉडचं टोक झटकन पुढे झुकवून, पतंगाला देतो तशी ढील द्यायची. ताठ लाइनवर मासा पडला तर ती तुटते. जवळ आल्यावर बाससारखं खालचा ओठ धरून उचलायचं नाही. दात आहेत, आणि जबडाही त्या भाराचा नाही. रबरी जाळं, ओले हात, चिमट्याने गळ मागे सरकवायचा, तोही मासा पाण्यातच ठेवून.

पाणी चढतंय हे कळावं म्हणून उतरल्या उतरल्या काठाजवळचा अर्धा ओला, अर्धा कोरडा गोटा हेरून ठेवला होता. धरणाचा भोंगा कॉटरपर्यंत ऐकू येत नाही आणि सोडलेलं पाणी इथे पोहोचायला काही तास लागतात, त्यामुळे सकाळचं वेळापत्रक बघून गाफील राहता येत नाही. आधी पानं आणि काड्या वाहत आल्या, मग गोटा बुडाला. नेमके तेव्हाच मासे खायला सुटतात, कारण चढतं पाणी खडीतले किडे उठवतं. तरी निघायचं. गुडघ्याएवढी धार मांडीपर्यंत चढली की खडी पायाखालून सरकते, आणि परतीची वाट आपण आलो त्याच सखल चरातून असते.

पाणी चढल्यावर काठावरून मासेमारी चालू राहते, आणि इथे बासवाल्याचा हात पुन्हा कामाला येतो. मधली धार इतकी जोरकस होते की मासे काठाला, बुडालेल्या गवताच्या कडेला सरकतात. सात ग्रॅमचा स्पिनर गवताला समांतर, कडेपासून वीतभर बाहेर टाकत गेलो. त्याआधी लाइनचं टोकाकडचं दोन मीटर कापून टाकलं होतं. दिवसभर खडीवर घासलेली चार पौंडी लाइन नखाखालून ओढली की खरखर लागते, आणि तिच्यावर जड स्पिनर टाकणं म्हणजे तो नदीला देऊन टाकणं.