नऊ महिने पडूलाली व्हय?

मी फिजिओथेरपिस्ट आहे, लातुरात छोटं क्लिनिक आहे आणि सकाळी स्कूटीवर औसा, रेणापूरकडच्या गावांत होम व्हिजिट करते. गावात मला 'मालिशवाल्या म्याडम' म्हणतात, आधी राग यायचा, आता सोडून दिलंय.

गोष्ट 19 मार्च 2025 ची. पेशंट एक आजी, वय सत्तरच्या पुढं, न्हाणीत घसरून खुबा मोडला, ऑपरेशन करून धातूचा गोळा बसवलेला. सर्जननं दुसऱ्या दिवसापासून वॉकर धरून उभं करा असं लिहून दिलं होतं, पण घरी आल्यावर येईल तो पाव्हणा "हाड जुळू द्या की, काय घाई" म्हणून जायचा (जुळायला तिथं हाडच ठेवलेलं नाही, पण पाव्हण्याला कोण सांगणार). झालं, आजी तीन आठवडे खाटंवर. माझ्या तीन व्हिजिट नुसत्या "नको गं माय, डोळ्यापुढं अंधारी येती" ऐकण्यात गेल्या.

त्या दिवशी घरातले सगळे ज्वारी काढायला रानात, सून तेवढी थांबलेली आणि टीव्हीवर तेच ते फिरून फिरून दाखवत होते, अंतराळवीर सुनीता विल्यम्स पहाटे साडेतीनला समुद्रात उतरली, आठ दिवसांसाठी अंतराळ स्टेशनवर गेलेली बाई 286 दिवसांनी आली, आणि तिला धरून बाहेर काढून स्ट्रेचरवर ठेवलं. आजी बघतच राहिल्या. "ही बी न्हाणीत पडली का गं?"

मी म्हटलं नाही आजी, वर वजनच लागत नाही अंगाला. हाडावर भार पडत नाही म्हणून शरीर म्हणतं कशाला पोसायचं, व्यायाम नाही केला तर खुब्याचं हाड महिन्याला एक-दीड टक्का कमी होतं, मांड्या-पोटऱ्या उतरतात, बैल चार महिने दावणीला बांधून एकदम औताला जुंपल्यावर होतं तसं. म्हणून ते लोक तिथं रोज दोन तास व्यायाम करतात, पट्ट्यांनी स्वतःला खाली ओढून घेऊन ट्रेडमिलवर पळतात, डंबेल तर तिथं उचलून काही उपयोग नाही, मग सिलिंडरमधल्या व्हॅक्यूमच्या ताकदीविरुद्ध ओढायची मशीन आहे. एवढं करूनही खाली आल्यावर सुरुवातीला तोल जातो.

"वजन कसं लागत नाही? वर काय देव धरतो का?"

आता हे समजावणं अवघड, कारण 400 किलोमीटरवर पृथ्वीची ओढ इथल्या जवळजवळ नव्वद टक्के असतेच. म्हटलं, पोरं विहिरीत उडी टाकतात तेव्हा पाण्याला लागेपर्यंत अंग हलकं होतं ना, तसं ते स्टेशन सारखं पडतच असतं, पण ताशी 28 हजार किलोमीटरनं पुढं पळतं आणि पृथ्वी गोल, म्हणून जमीन काही लागत नाही.

आजी थोडा वेळ गप्प. मग, "म्हणजे नऊ महिने पडूलाली व्हय ती? आन मी एकदाच पडले तर एवढं!"

सूनबाई तोंडाला पदर लावून हसायला लागली, मीही. तेवढ्यात मी आजींचे पाय खाटंखाली सोडले. तळवे बघितले तर जन्मभर रानात भेगाळलेल्या टाचा लहान लेकरासारख्या मऊ झालेल्या, म्हणजे अंतराळवीरांचंच, त्यांच्याही तळव्याची जाड कातडी गळून जाते, उलट पावलाच्या वरच्या बाजूला घट्टे पडतात कारण तिथं पाय पट्ट्यात अडकवून थांबतात. बीपी झोपून 130 होतं, बसवल्यावर 106. अंधारी येणारच, पायात उतरलेलं रक्त वर ढकलायची सवय मोडलेली. त्यांचंही अगदी हेच होतं. जर्मनीत 2019 ला माणसांना पैसे देऊन 60 दिवस डोकं खाली करून झोपवलं होतं, अंतराळात शरीराचं काय होतं ते बघायला. हे ऐकून आजी म्हणाल्या, "मला कोण देतंय पैसे?"

आणि मुख्य गोष्ट कळली ती पुढं. आजींनी विचारलं लघवीचं काय करते ती. म्हटलं फॅननं ओढून घेतात, गाळून परत प्यायचं पाणी करतात, 98 टक्क्यांपर्यंत पाणी परत मिळतं. "अगं बाई! आपल्या लातूरला 2016 ला रेल्वेनं पाणी आणलं तवा का नाही सुचलं?" म्हणाल्या, आणि मग हळूच, मी तर पाणीच पीत नाही, सुनेला भांडं धरायला लागतं ना. अंधारी का येत होती त्याचा अर्धा उलगडा तिथंच झाला, मी तीन व्हिजिटमध्ये विचारलंच नव्हतं.

दोन ग्लास पाजलं, पंधरा मिनिटं बसवलं, पोटऱ्या हलवून घेतल्या. मग वॉकर. ओसरीच्या खांबापर्यंत सहा पावलं, मी कमरेला धरून, आणि परत येताना शिव्या, मला, पाव्हण्यांना आणि टीव्हीतल्या बाईला.

एप्रिलमध्ये गेले तेव्हा आजी एकट्या वॉकरवर अंगणात. पहिला प्रश्न, "ती बाई चालाय लागली का?" म्हटलं आजी, बारा दिवसांत पाच किलोमीटर पळून आली.

"पळंल की. तिचा काय खुबा मोडला होता?"