खरूज, कडुनिंबाचा लेप आणि ‘मला कुठे खाज आहे?’

आमच्या घरात खरूज शिरली तेव्हा कडुनिंबाचा पाला आणि हळद वाटून लावण्याचा उपाय सासूबाईंनी सुचवला. मला तो लगेच पटला, कारण याच लेपाने ८१४ रुग्णांपैकी ९७ टक्के ३ ते १५ दिवसांत बरे झाल्याची १९९२ सालच्या एका अभ्यासातील नोंद माझ्या वाचनात आली होती. बोटांच्या बेचक्यांत लेप वाळला की मूठ मिटताना तो तडकत असे आणि हिरव्या खपल्या अंथरुणभर पडत. तरीही रात्रीची खाज चौथ्या दिवशी बरीच उतरली.

घोडे अडले ते थोरल्या भाऊजींपाशी. लेपाची वाटी पुढे केली की “मला कुठे खाज आहे?” एवढेच त्यांचे उत्तर असे. पहिल्यांदा लागण झालेल्या माणसाला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात आणि तोवरही त्याच्यापासून इतरांना लागण होते, हे मी त्यांना दोनदा समजावले. तिसऱ्यांदा मी थेट सुश्रुताला साक्षीला बोलावले : अंगाला अंग लागल्याने, एका अंथरुणावर निजल्याने, दुसऱ्याचे वस्त्र वापरल्याने असे विकार पसरतात, हे त्यांनी केव्हाच लिहून ठेवले आहे. त्यावर, “मी कोणाचे वस्त्र वापरतो?” माझा धाकटा मात्र रोज रात्री त्यांच्याच कुशीत गोष्ट ऐकत झोपत होता. बाराव्या दिवशी त्याच्या मनगटावर पुन्हा पुरळ उठले, आम्ही पुन्हा पाला वाटला, आणि पंधरवड्याने तेच. ९७ टक्क्यांचा तो आकडा लेप लावलेल्यांचा होता. आमच्या भाऊजींचा हिशेब त्यात धरलेला नव्हता.

अखेर एका रात्री ते दाराच्या चौकटीला कंबर घासताना दिसले. खोटे कशाला सांगू, मला आनंद झाला.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी पर्मेथ्रिनचे ५ टक्क्यांचे मलम दिले. खाज असो वा नसो, घरातील सर्वांनी एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत लावायचे, ८ ते १४ तासांनी धुवायचे आणि आठवड्याने पुन्हा लावायचे. भाऊजींनी निमूटपणे लावले. गुण लेपाचाच, असे सासूबाई आजही म्हणतात. मी वाद घालत नाही.

हळदीचे डाग निघत नाहीत, म्हणून लेप लावताना जुनीच चादर घ्यावी, आणि खाजवून फुटलेल्या किंवा पू धरलेल्या जागी तो मुळीच लावू नये. खरजेचा किडा माणसाच्या अंगाबाहेर साधारण दोन-तीन दिवसच जगतो, तेव्हा जे गरम पाण्यात धुता येत नाही ते पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवावे. किडे मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे राहू शकते, हे मला उशिरा कळले. अधीर होऊन मी लेप चोळतच राहिले आणि मनगट लालबुंद करून घेतले. चोळणे थांबवल्यावर आठवड्याभरात ते निवळले.